नाडी बघा आणि सगळं सांगा!

परवा बाजाराच्या दिवशी साठीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसल्या, डावा हात पुढे केला आणि गप्प राहिल्या.

"मावशी, काय त्रास होतोय?"

"तुमीच नाडी बघा की डाक्टर. काय हुतंय ते तुमीच सांगा."

बायकांची नाडी डाव्या हाताची बघायची, हा जुन्या वैद्यांचा नियम मावशींना ठाऊक होता. गारगोटीत इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना अशी परीक्षा मी अनेकदा दिली आहे. जो न विचारता नाडीवरून सगळं ओळखतो तो खरा डॉक्टर, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ती आली कुठून, हे आज पाहू.

चरक-सुश्रुत काय सांगतात?

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत मनगटाची नाडी पाहून रोग ओळखण्याची पद्धत नाही. रुग्ण मरणाच्या दारात असताना त्याच्या अंगाचं स्पंदन थांबलं आहे का, ते हाताने पाहावं, असा उल्लेख चरकात आहे. पण रोगाच्या निदानासाठी वाग्भटाने तीन गोष्टी सांगितल्या: पाहणं, स्पर्श करणं आणि प्रश्न विचारणं.

नाडीपरीक्षा पहिल्यांदा स्पष्टपणे येते ती शार्ङ्गधरसंहितेत. हा ग्रंथ साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला. अंगठ्याच्या मुळाशी असलेली नाडी ही जीवाची साक्षीदार आहे, असं तो सांगतो. वाताची नाडी साप किंवा जळूसारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी संथ चालते, अशा त्याच्या उपमा वैद्य आजही वापरतात. पुढे योगरत्नाकर या ग्रंथात आठ परीक्षा आल्या: नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि एकूण शरीर. म्हणजे तिथेही नाडी आठातली एक.

चीनची तीन बोटं

चीनमध्ये ही विद्या बरीच आधी वाढली. तिसऱ्या शतकात वांग शूहे या वैद्याने 'माईजिंग' म्हणजे 'नाडीचा ग्रंथ' लिहिला आणि नाडीचे २४ प्रकार सांगितले: वर तरंगणारी, खोल गेलेली, मंद, जलद, निसरडी वगैरे. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवायची आणि प्रत्येक बोटाखाली वेगवेगळ्या अवयवाची स्थिती ओळखायची, अशी ही पद्धत. हे प्रकार मनात समजायला सोपे, पण बोटाखाली ओळखायला अवघड आहेत, अशी कबुली वांग शूहेने प्रस्तावनेतच दिली आहे!

चिनी वैद्यही फक्त नाडीवर थांबत नसत. रुग्णाला पाहणं, त्याचा आवाज ऐकणं व वास घेणं, प्रश्न विचारणं आणि शेवटी नाडी, अशा त्यांच्या चार परीक्षा होत्या. मात्र बड्या घरातल्या स्त्रियांचा पडद्याबाहेर आलेला हात तेवढा वैद्याला पाहायला मिळे. अशा वेळी सगळा भार नाडीवरच पडायचा. हकिमांनीही ग्रीक वैद्य गेलनपासून आलेली 'नब्ज' पाहण्याची विद्या आपल्याकडे आणली. आपली नाडीपरीक्षा चीनकडून आली, हकिमांकडून आली की इथेच वाढली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

नाडीला घड्याळ मिळालं

चिनी वैद्य नाडीचा वेग स्वतःच्या श्वासावर मोजत. एका श्वासात चार-पाच ठोके म्हणजे निरोगी. सतराव्या शतकात या विद्येची माहिती युरोपात पोचली. ती वाचून प्रभावित झालेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्लॉयर याने एक मिनिट चालणारं खास घड्याळ बनवून घेतलं आणि १७०७ मध्ये नाडी मोजण्यावर पुस्तक लिहिलं. आज नर्स घड्याळाकडे बघत नाडी मोजते, त्यामागे असा चीनचाही थोडा हात आहे.

पुढे जेम्स मॅकेन्झी या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने रुग्णांच्या अनियमित नाडीचे आलेख वर्षानुवर्षं काढले आणि १९०२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास ईसीजीचं यंत्र आलं आणि बोटाला जाणवणारी गडबड कागदावर दिसू लागली.

नाडी काय सांगते, काय नाही?

ताप, रक्तस्राव, शरीरातलं पाणी कमी होणं, थायरॉईडचा विकार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांची चाहूल नाडीवरून लागते. मधुमेही रुग्णाच्या पायाची नाडी पाहून तिथला रक्तपुरवठा कसा आहे ते समजतं. पण रक्तातली साखर, किडनीचं काम किंवा कर्करोग नाडीवरून कळत नाही. कुणी तसा दावा करून महिनोन्‌महिने औषध देत असेल, तर उपचाराची मोलाची वेळ वाया जाते.

आता मावशींकडे वळू. मी तीन बोटं ठेवली. ठोक्यांना ताल नव्हता. एक लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक हलका. ईसीजी काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. अशा रुग्णात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. योग्य रुग्णाला रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं, तर तो बराच कमी होतो.

मावशी खूश झाल्या. "बघा, नाडीत गावलं का न्हाई!"

मग मी विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"चार-पाच येळा. पर ते वयामुळं."

साखर तपासली. ३१० निघाली. ती मला नाडीने सांगितली नव्हती, त्यांच्या उत्तराने सांगितली.

घरी एवढं करा

पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं हलकेच ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. विश्रांतीत ६० ते १०० ठोके हे सामान्य. ताल चुकत असेल, तर डॉक्टरांना भेटून ईसीजी काढा. सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप असेल, तर घरी न थांबता लगेच दवाखाना गाठा.

आणि डॉक्टरांसमोर हात जरूर पुढे करा, पण त्रासही सांगा. जुन्या वैद्यांनीही तो विचारूनच औषध दिलं आहे.