उशीर कोणाच्या खात्यावर?

ऑनलाइन शूटर खेळणाऱ्या प्रत्येकाने हा अन्याय सोसलेला असतो. धावत धावत भिंतीआड पोचलो, वाचलो असं वाटलं, आणि मग मेलो. समोरच्याने चीटिंग केलं का? बहुतेक वेळा नाही. त्याच्या स्क्रीनवर आपण अजून उघड्यावरच होतो. दोघांच्या ‘आत्ता’मध्ये तफावत होती आणि सर्व्हरने त्याचा ‘आत्ता’ खरा धरला. लॅगचा इतिहास वरवर वेग वाढवण्याचा इतिहास वाटतो. मी जसजसं त्याबद्दल वाचत गेलो, तसतसा मला तो निवाड्यांचा इतिहास वाटू लागला.

आधी थोडं भौतिकशास्त्र. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी निरोप जाऊन परत यायला ३९ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वळसे घेते, वाटेत राउटर लागतात, शेवटी आपल्या टॉवरवर गर्दी असते. कितीही पैसा ओतला तरी हा आकडा शून्य होत नाही. उशीर कुठे लपवायचा आणि कोणाच्या माथी मारायचा, एवढंच माणसाच्या हाती उरतं.

लपवण्याची एक जुनी युक्ती लष्करातून आली. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने रणगाड्यांचे सिम्युलेटर एकमेकांना जोडणारं ‘सिमनेट’ उभं केलं. प्रत्येक रणगाड्याची जागा क्षणोक्षणी सगळ्यांना कळवायची तर नेटवर्क तुंबलं असतं. म्हणून खलाशांची जुनी रीत उचलली: शेवटची माहीत असलेली जागा, दिशा आणि वेग यांवरून आत्ताची जागा अंदाजाने काढायची. तिचं नाव डेड रेकनिंग. रणगाडा अंदाजापासून ठरावीक मर्यादेपलीकडे भरकटला, तरच नवा निरोप जायचा.

१९९६ साली आयडी सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ आला तेव्हा हा प्रश्न घराघरात शिरला. क्वेकमध्ये सगळा हिशेब सर्व्हर करायचा. तुम्ही पुढे जाण्याचं बटण दाबलं की निरोप सर्व्हरकडे जायचा, उत्तर यायचं, आणि मगच तुमचं पाऊल उचललं जायचं. ऑफिसच्या नेटवर्कवर हे छान चालायचं. पण लोक घरून मॉडेमवर खेळत होते आणि त्यांचं प्रत्येक पाऊल चिखलातून निघाल्यासारखं पडत होतं. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक याने त्याच वर्षी मोकळेपणाने लिहिलं की आपलं गृहीतकच चुकलं होतं. त्याने रचना केली होती २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी उशीर धरून, तर मॉडेमवाल्यांचा उशीर ३०० च्या पुढेच होता.

डिसेंबरात त्याने ‘क्वेकवर्ल्ड’ आणला. आता तुमचा कॉम्प्युटर उत्तराची वाट न बघता तुम्हाला लगेच चालवू लागला आणि सर्व्हरचा निकाल वेगळा आला तर मागाहून दुरुस्ती करू लागला. याला क्लायंट-साइड प्रेडिक्शन म्हणतात. अंदाज फसला की खेळाडू झटका बसल्यासारखा मागे खेचला जातो. आपण ज्याला रबरबँडिंग म्हणतो ते हेच.

चालण्याचा प्रश्न सुटला, नेमबाजीचा राहिला. समोरचा जिथे दिसतोय तिथून तो केव्हाच हललेला असतो. मग मॉडेमवाल्याने नेम धरायचा कुठे? व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरने २००१ मध्ये ‘हाफ-लाइफ’मधली पद्धत निबंधात मांडली. सर्व्हर सगळ्यांच्या थोड्या मागच्या जागा लक्षात ठेवतो. गोळी सुटली की नेमबाजाच्या उशिराइतका काळ मागे नेतो, त्या क्षणी नेम बरोबर होता का ते तपासतो आणि काळ पुन्हा जागेवर आणतो. नेमबाजाला न्याय मिळाला. त्याची किंमत भिंतीआड पोचलेल्याने मोजली.

यानंतर आला गर्दीचा प्रश्न. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून चालू आहे आणि त्यात हजारो खेळाडू एकाच अंतराळात लढतात. प्रत्येकाची हालचाल बाकी सगळ्यांना कळवायची, म्हणजे १०० जणांत सुमारे १० हजार निरोप, आणि २,००० जणांत सुमारे ४० लाख. खेळाडू वीसपट, काम चारशेपट. मोठ्या लढाईत सर्व्हर गुदमरायचा; कोणाचा हुकूम पाळला जाईल याचा भरवसा नसायचा. काहींची जहाजं तर स्क्रीन लोड होण्याआधीच फुटलेली असायची.

सीसीपीने काळच हळू केला. टाइम डायलेशन नावाच्या या व्यवस्थेत सर्व्हरवर ताण आला की त्या भागातलं घड्याळ सगळ्यांसाठी सारखंच मंदावतं, पार १० टक्क्यांपर्यंत. २७ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी या तारामंडळात सुरू झालेली लढाई सुमारे २१ तास चालली. त्यात ७,५४८ खेळाडू उतरले आणि टायटन जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. सगळा वेळ १० टक्क्यांचा वेग धरला, तर खेळातल्या घड्याळाने ही लढाई जेमतेम दोन तासांची. मला हा तोडगा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण इथे उशीर लपवलेला नाही, वाटून घेतला आहे. तोही निर्दोष नाही. बाहेरचं जग नेहमीच्या वेगाने चालत असल्याने लांबून कुमक वेळेत पोचते, आणि ज्याला सकाळी कामावर जायचं आहे त्याला २१ तास परवडत नाहीत.

म्हणून गेम उत्तम ऑप्टिमाइझ केलाय असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणासाठी? कारमॅकला मॉडेमवाले दिसले म्हणून क्वेकवर्ल्ड झाला. आजही ऑफिसच्या फायबरवर सुरळीत चालणारा गेम संध्याकाळी तालुक्याच्या गावात, तुंबलेल्या टॉवरखाली वेगळाच असतो. तिथल्या पोरीचं पाऊल मागे खेचलं जातं तेव्हा ती कमी खेळलेली नसते. तिच्या उशिराचा हिशेब कोणीतरी आधीच, तिला न विचारता, मांडून ठेवलेला असतो.