कंडरेची जाडी आणि गादीचे मूळ

मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भाजी निवडणाऱ्या आपल्या घरांत ‘गुडघ्याची गादी फाटली’ हे वाक्य परके नाही. जिना उतरताना गुडघ्यामागे ‘कट्’ असा आवाज आला, असे काही रुग्ण सांगतात. अशा वेळी पुष्कळदा आतल्या बाजूच्या गादीचे मागचे मूळ हाडापासून सुटलेले असते. हे मूळ पुन्हा घट्ट बसवायचे कसे, आणि त्यासाठी वापरलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, किती जाड असावी, एवढाच या ग्रंथाचा विषय आहे. तो लहान वाटेल, पण वाचकांनी थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

ही गादी म्हणजे मेनिस्कस. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आठवा. भार आला की चाक फाकू पाहते आणि धाव त्याला आवळून धरते. मेनिस्कसमधले गोलाकार तंतू हेच करतात, मात्र त्यांची दोन्ही टोके हाडात रोवलेली असतील तरच. एडिंबरोचे थॉमस अ‍ॅनंडेल यांनी 1883 मध्ये गादी शिवली होती. तरी पुढे कित्येक दशके ती काढून टाकण्याचीच रीत राहिली. अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये दिसणारे बदल शल्यविशारद फेअरबँक यांनी 1948 मध्ये मांडले. 2008 मध्ये मृतदेहांच्या गुडघ्यांवरील प्रयोगात दिसले, की मागचे मूळ तुटले तर सांध्यावरचा दाब जवळजवळ संपूर्ण गादी काढल्याइतका वाढतो. धाव एका जागी तुटली, की बाकीची शाबूत असून उपयोग नसतो!

मूळ बसवताना सहसा त्यातून टाके ओवून नडगीच्या हाडातल्या बोगद्यातून खाली ओढतात. अडचण अशी, की बारीक दोरा मऊ ऊतीला कापत सरकतो. म्हणून काही शल्यविशारद दोऱ्याऐवजी मांडीच्या आतल्या बाजूची ग्रॅसिलिस कंडरा वापरतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ही कंडरा धातूच्या ठोकळ्यातील छिद्रांतून ओढून पाहतात. छिद्रे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात, आणि ज्यातून ती जेमतेम सरकते, ते तिचे माप. 4 मिलिमीटर कंडरेचा छेद सुमारे 12.6 चौरस मिलिमीटर असतो, तर 5 मिलिमीटरचा 19.6. एका मिलिमीटरने दीडपटीहून अधिक फरक पडतो.

मग जाडच घ्यावी? माझ्या मते विषयाचे मर्म इथेच आहे. जाड कंडरा भार रुंद जागेवर पसरवते, पण तिच्यासाठी मुळाला भोकही मोठे पाडावे लागते. जे वाचवायचे, तेच त्याने पोखरले जाते.

म्हणून कोणताही प्रयोग वाचताना आधी तुटले काय ते पाहा : कंडरा, गाठ की खुद्द गादी? शेवटी तुटण्याचा भार न्यूटनमध्ये छापलेला असतो आणि नजर तिथेच जाते. त्याआधी, हजारभर हलक्या ओढींनंतर मूळ किती मिलिमीटर सरकले, तो आकडा वाचा. रुग्ण चालू लागतो तेव्हा तोच कामाला येतो. आणि प्रयोगात डुकराच्या गुडघ्यावर दिसलेली मजबुती ही शिवल्या दिवसाची असते, भरून आलेल्या जखमेची नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

जमल्यास पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी मटणाच्या दुकानातून बोकडाचा गुडघा आणा. सांधा उघडला, की पांढरी, चंद्रकोरीसारखी गादी दिसेल. टोकाजवळ तिच्यातून मासेमारीचा बारीक तंगूस ओवा आणि तंतूंच्या दिशेने ओढा. मग दुसऱ्या गादीतून पायजम्याची नाडी ओवून बघा. नाडीसाठी केवढे भोक पाडावे लागले, ते मोजून ठेवा.