झांकलेलें तेज

अलंकार झांकून ठेवण्याची वेळ माणसावर बहुधा दोन प्रसंगीं येते: घरावर दुःख कोसळलें म्हणजे, किंवा वाटेंत चोरांचें भय असलें म्हणजे. मोटारगाडीच्या अलंकारांवरही अशी वेळ एकदां आली होती. ती महायुद्धानें आणली. पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं त्याच अलंकारांस लोक हौसेनें काळें करूं लागले. एकाच काळ्या रंगाच्या ह्या दोन कथा शेजारींशेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे सक्ति व हौस यांतील अंतर चांगलें ध्यानांत येतें.

मोटारीच्या पुढील भागीं बसविलेलें चिन्ह म्हणजे तिचें कुलनामच होय. डेमलर कारखान्यानें तीन टोकांचा तारा १९०९ सालीं नोंदवून घेतला. चार्ल्स साईक्स ह्या शिल्पकारानें घडविलेली, वाऱ्यांत झेपावणारी स्त्रीमूर्ति १९११ पासून रोल्स-रॉइस गाड्यांवर दिसूं लागली. शेव्हरोलेचें चिन्ह १९१३ मधलें. हीं चिन्हें व त्यांभोंवतालचा साज प्रारंभीं पितळेचा किंवा निकेलचा असे. पितळ काळवंडतें, निकेल मंद पडतें. त्यामुळें हा साज सतत घांसावा लागे. पितळेचीं भांडीं चिंचेनें लख्ख करणाऱ्या गृहिणीस हे श्रम निराळे सांगावयास नकोत.

१९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनीं विजेच्या साहाय्यानें क्रोमियमचा मुलामा चढविण्याची भरंवशाची रीत सिद्ध केली. ह्या मुलाम्यांत तांब्याचा किंवा निकेलचा थर खालीं असतो व वर क्रोमियमचा अगदीं पातळ पापुद्रा असतो. परंतु तेवढ्यानें वस्तु आरशासारखी चमकते आणि हवापाण्यानें मंद पडत नाहीं. थोड्याच वर्षांत मोटारीची जाळी, दिव्यांचीं कडीं, बाजूच्या पट्ट्या व नांवाचीं अक्षरें क्रोमियमनें झगमगूं लागलीं.

परंतु क्रोमियम ही केवळ शोभेची धातु नव्हे. पोलादांत ती मिसळली म्हणजे पोलाद कठीण होतें, गंजास दाद देत नाहीं. चिलखती पत्रे, तोफा व कारखान्यांतील हत्यारें यांस ती अवश्य लागते. अमेरिकेच्या भूमींत तिचें खनिज फार थोडें. बहुतेक सर्व समुद्रापलीकडून जहाजांनीं आणावें लागे. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धांत उतरली. १९४२ च्या आरंभापासून नव्या मोटारींवर पुढील-मागील बंपर वगळून चकाकणारा साज लावण्यास मनाई झाली. ज्या भागांवर मुलामा असावयाचा त्यांवर साधा रंग आला. ह्या गाड्यांस पुढें ‘ब्लॅकआउट’ गाड्या असें नांव पडलें.

ह्या हुकुमांतील एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. कित्येक कारखान्यांजवळ मुलामा दिलेले भाग आधींच तयार पडले होते. त्यांतील क्रोमियम रणगाड्यांस परत मिळण्यासारखें नव्हतें; मग ते भाग वापरले असते तर काय बिघडलें असतें? तरीही त्या झळझळीत भागांवर रंग फासूनच ते लावावे, असें ठरलें. ह्यानें गुंजभरही धातु वांचली नाहीं. वांचली ती न्यायबुद्धि. ज्याचें कोठार भरलेलें त्याची गाडी चमकावी आणि ज्याचें रिकामें त्याची निस्तेज दिसावी, हा पंक्तिप्रपंच युद्धकाळीं नको, असा त्यांतील हेतु होता. त्याग सर्वांच्या वांट्यास सारखा आला तरच तो लोकांस सोसवतो.

पुढें लवकरच मोटारीच थांबल्या. १० फेब्रुवारी १९४२ रोजीं फोर्ड कारखान्यांतून युद्धापूर्वीची शेवटची खाजगी गाडी बाहेर पडली व तेथें युद्धसाहित्य तयार होऊं लागलें. शिल्लक राहिलेल्या नव्या गाड्या डॉक्टर वगैरे ज्यांस खरी निकड असे अशांनाच परवान्यानें मिळत. गुळगुळीत क्रोमियमवर साधा रंग नीट धरत नाहीं. तो जेथें सुटे तेथें आंतलें तेज डोकावूं लागे. हुकूम वरचा रंग देऊं शकला. खालचा मुलामा तसाच राहिला.

१९४५ सालीं युद्ध संपलें आणि दाबून ठेवलेली हौस उसळून वर आली. १९५८ च्या ब्यूक गाडीच्या एका जाळीवर क्रोमियमचे १६० चौकोन होते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे!

याच सुमारास दुसऱ्या एका प्रकारच्या लेपाचा इतिहास घडत होता. युद्धानंतर अमेरिकेच्या आरमारानें शेंकडों जहाजें बंदरांत नांगरून ठेवलीं. दमट हवेपासून रक्षण व्हावें म्हणून त्यांवरील तोफांवर व यंत्रांवर प्लॅस्टिकचा फवारा मारून कोशासारखें वेष्टन चढविण्यांत आलें. १९५० मध्यें कोरियाचें युद्ध सुरू होतांच हीं वेष्टनें कापून, सोलून काढलीं गेलीं व जहाजें पुन्हां समुद्रावर गेलीं. झांकावयाचें तें कायमचें नव्हे, पुढें उघडतां यावें म्हणून झांकावयाचें, ही कल्पना येथें मूर्त झाली.

१९७२ सालीं अमेरिकेंत ‘प्लास्टी डिप’ नांवाचें पातळ रबर विक्रीस आलें. पकडी व पान्हे यांच्या मुठी त्यांत बुडवून त्यांवर मऊ आवरण चढवावें, एवढाच त्याचा मूळ उपयोग. पुढें तें फवाऱ्याच्या डब्यांत मिळूं लागलें, आणि २०१० नंतरच्या वर्षांत हौशी लोकांनीं त्यानें मोटारीचीं चिन्हें काळीं करण्याचा सपाटा लावला.

ह्याची रीत सोपी, पण धीराची आहे. चिन्ह साबणानें धुऊन, स्पिरिटनें पुसून कोरडें करावयाचें व भोंवतालीं कागद चिकटवावयाचा. पहिला हात अगदीं विरळ द्यावयाचा. मग प्रत्येक हात वाळूं देऊन चार-पांच हात. शेवटचा हात ओला असतांनाच कागद काढावयाचा, नाहींतर कडा फाटतात. वाळल्यावर चिन्हाबाहेरचें रबर बोटानें उचललें कीं सालीसारखें निघून येतें. रसायनानें जखडून न घेतां तें पृष्ठभागास केवळ बिलगून राहतें. म्हणूनच तें सोलतां येतें. घाई करून लेप पातळ ठेवला तर मात्र काढतांना त्याचे तुकडे-तुकडे होतात. पेट्रोल सांडल्यास तें विरघळतें, आणि त्याची वाफ ज्वालाग्राही असल्यामुळें काम मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर करावें लागतें.

शेवटीं कारखानदारांनींही ही आवड ओळखली. १९११ ची ती झेपावणारी मूर्ति २०१६ मध्यें रोल्स-रॉइसनें ‘ब्लॅक बॅज’ गाड्यांवर स्वतःच काळी करून बसविली. एके काळीं दारिद्र्याची व युद्धाची खूण असलेला रंग असा श्रीमंतीचा अलंकार झाला.

रबराचा लेप आवडेनासा झाला कीं गाडीचा धनी तो एका दुपारीं सोलून टाकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. १९४२ च्या रंगाची गोष्ट निराळी होती. तो काढण्याची वेळ ठरविणें कोणाही एकाच्या हातीं नव्हतें. त्यासाठीं साऱ्या जगाला तीन वर्षांहून अधिक काळ थांबावें लागलें. काळोख तोच, पण जो आपल्या हातानें दूर करतां येतो त्यास माणूस शोभा म्हणतो, आणि जो सर्वांबरोबर सोसावा लागतो त्याची इतिहास नोंद ठेवतो.