दूरस्थ बुद्धिबळ

एकमेकांपासून दूर असलेल्या खेळाडूंनी टपाल, तारायंत्र, रेडिओ, दूरमुद्रक किंवा आंतरजाल यांच्या साहाय्याने खेळावयाचा बुद्धिबळाचा प्रकार. बुद्धिबळाची प्रत्येक खेळी घराच्या नावाने अचूक लिहिता येते. त्यामुळे केवळ तिची नोंद पाठवून डाव चालविता येतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी जवळपास नसलेल्या खेळाडूस आपला खेळ सुधारण्याचे साधन म्हणून या प्रकाराला विशेष महत्त्व आहे. साधन जसजसे वेगवान होत गेले, तसतसे या सुधारणेचे स्वरूपही पालटत गेले.

टपालाचा काळ : लंडन व एडिंबरो येथील मंडळांमध्ये १८२४–२८ या काळात टपालाद्वारे झालेला सामना प्रसिद्ध आहे. तो एडिंबरोने जिंकला व त्यात खेळल्या गेलेल्या एका सुरुवातीस ‘स्कॉच गेम’ हे नाव मिळाले. टपालाच्या डावात एकेका खेळीवर कित्येक दिवस विचार करता येतो, मोहरी हलवून निरनिराळे पर्याय तपासता येतात आणि सुरुवातींवरील ग्रंथही पाहता येतात. एस्टोनियाचा पॉल केरेस (१९१६–७५) लहान गावात वाढला. तेथे बलवान प्रतिस्पर्धी नसल्याने त्याने तरुणपणी एकाच वेळी अनेक डाव टपालाने खेळून आपले कौशल्य घडविले. पुढे १९३८ च्या आव्रो स्पर्धेत रूबेन फाइन याच्यासमवेत तो अव्वल ठरला. टपालाच्या बुद्धिबळातील पहिला जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा सी. जे. एस. पर्डी (१९०६–७९) हा बुद्धिबळाचा नामवंत शिक्षक व लेखकही होता.

तारायंत्र व रेडिओ : १८४४ मध्ये वॉशिंग्टन व बॉल्टिमोर यांच्या दरम्यान तारायंत्राद्वारे डाव खेळले गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये सोव्हिएट संघाने अमेरिकेचा रेडिओद्वारे झालेल्या सामन्यात १५½–४½ असा पराभव केला. या विजयाने सोव्हिएट प्रशिक्षणपद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. आपल्या डावांचे खेळाडूने स्वतः कठोर विश्लेषण करावे व ते इतरांच्या टीकेसाठी प्रसिद्ध करावे, असा त्या पद्धतीचे अध्वर्यू मिखाइल बोटविनिक (१९११–९५) यांचा आग्रह असे. १९६५ मध्ये बॉबी फिशर हवानातील कापाब्लांका स्मृतिस्पर्धेत न्यूयॉर्कहून दूरमुद्रकाद्वारे खेळला.

आंतरजालाचा काळ : १९९२ मध्ये ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. खेळी पोचण्यास लागणारा वेळ खेळाडूच्या घड्याळातून वजा करण्याची सोय पुढे झाली व त्यामुळे अतिजलद डाव शक्य झाले. त्यानंतर सुरू झालेल्या ‘चेस.कॉम’ (२००७) व ‘लिचेस’ (२०१०) या संकेतस्थळांमुळे कोणत्याही गावातील खेळाडूस घटकाभरात तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळू लागला. तुल्यबळ जोड्या लावण्यासाठी गुणांकनाचा उपयोग होतो. आर्पाड एलो यांची गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) १९७० मध्ये स्वीकारली होती. खेळाडूचा गुणांक कितपत विश्वसनीय आहे, हेही विचारात घेणारी पद्धती मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडली आणि संकेतस्थळांनी मुख्यतः तिचाच अवलंब केला. प्रत्येक स्थळावरील खेळाडूंचा समूह वेगळा असल्याने तेथील गुणांक फिडेच्या गुणांकाशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

एका मिनिटाच्या वा तीन मिनिटांच्या डावांत परिचित आकृतिबंध चटकन ओळखण्याची सवय लागते, सुरुवातींचा सराव होतो आणि वेळेच्या दडपणाखाली खेळण्याचे धैर्य येते. परंतु दीर्घ गणन व डावाच्या अंतिम टप्प्यातील सूक्ष्मता त्यांतून क्वचितच साधते. डाव संपताच पुढचा सुरू केल्यास तीच चूक पुनःपुन्हा घडून दृढ होते. टपालाच्या डावात विश्लेषण खेळातच अंतर्भूत होते. जलद डावात ते नंतर, स्वतंत्रपणे करावे लागते. म्हणून बलवान खेळाडू जलद डावांना दीर्घ डावांची व स्वतःच्या पराभवांच्या परीक्षणाची जोड देतात.

संगणकाचा परिणाम : मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला ३½–२½ असे हरविले. पुढे ‘स्टॉकफिश’सारखी प्रबळ आज्ञावली कोणासही विनामूल्य उपलब्ध झाली. तिच्यामुळे चूक तत्काळ कळते. पण ती का घडली, हे खेळाडूस स्वतःच शोधावे लागते. त्यामुळे प्रथम स्वतः विश्लेषण करून मग ते यंत्राशी ताडून पाहण्याची पद्धत अधिक फलदायी मानली जाते. त्याच आज्ञावलीने दूरस्थ खेळाच्या विश्वासार्हतेपुढे गंभीर प्रश्नही उभा केला. टपाल-बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यंत्राच्या साहाय्यास मुभा दिली. परिणामी उच्च स्तरावरील बहुसंख्य डाव बरोबरीत सुटू लागले. थेट चालणाऱ्या आंतरजालीय डावांत मात्र असे साहाय्य निषिद्ध असून ते शोधण्यासाठी खेळ्यांची सांख्यिकीय तपासणी व कॅमेऱ्याची देखरेख यांचा अवलंब केला जातो.

भारतीय खेळाडू : महासाथीमुळे २०२० मध्ये फिडेने ऑलिंपियाड आंतरजालावर भरविले. ३० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली व वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारताच्या अपिलानंतर भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोळा वर्षांच्या आर. प्रज्ञानंद याने आंतरजालावरील जलद स्पर्धेत जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला हरविले. जुलै २०२५ मध्ये बाटुमी (जॉर्जिया) येथे दिव्या देशमुखने प्रत्यक्ष पटावर कोनेरू हंपीवर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला व त्याबरोबर तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. दूरस्थ सरावाचे मोल अखेर अशा पटासमोरील खेळातच पारखले जाते.