पोकर : डावांचे पुनरावलोकन

खेळून झालेला डाव टप्प्याटप्प्याने पुन्हा मांडून पैजेचा प्रत्येक निर्णय तपासण्याची रीत. डाव जिंकला की हरला, हा तिचा निकष नाही. त्या क्षणी खेळाडूला जेवढे ठाऊक होते त्यावरून कॉल (समोरच्या पैजेइतकी रक्कम लावणे), रेज (पैज वाढवणे) किंवा फोल्ड (डाव सोडणे) योग्य ठरत होता का, एवढेच तीत पाहतात. चुकीचा कॉलही कधी शेवटच्या पत्त्यामुळे तरून जातो आणि बिनचूक खेळलेला डाव हातचा जातो. म्हणून निव्वळ निकालावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

नोंद : टेक्सस होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. फ्लॉपचे तीन, टर्नचा एक व रिव्हरचा एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडतात. खेळाडूंच्या जागा, त्यांच्याजवळच्या चिप्स, उघडलेले पत्ते आणि प्रत्येक टप्प्यावरचा पॉट (मध्ये जमलेली एकूण रक्कम) व पैज हे सारे टिपून ठेवतात. प्रतिस्पर्ध्याचे पत्ते शेवटी दिसले, तरी तपासताना ते आधी बाजूला ठेवतात. त्याच्या खेळीवरून कोणते पत्ते संभवत होते त्यांची यादी करतात. तिला रेंज म्हणतात.

गणित : हातात बदामचा एक्का व नव्वी आहे. टर्नपर्यंत बदामचा राजा, बदामची सत्ती, किलवरची चौकी व इस्पिकची दश्शी उघडली. पॉटमध्ये 300 चिप्स असताना प्रतिस्पर्धी 150 लावतो. कॉल केल्यास 600 च्या पॉटसाठी 150 मोजावे लागतात, म्हणजे जिंकण्याची शक्यता किमान 25 टक्के हवी. आणखी एक बदाम आला, तर पाच बदामांचा फ्लश जुळतो. न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम उरतात; शक्यता सुमारे 19.6 टक्के. एवढ्यावर कॉल तोट्याचा आहे. हा तोटा भरून काढायला बदाम आल्यावर सरासरी आणखी सुमारे 167 चिप्स मिळायला हव्यात. मात्र प्रतिस्पर्ध्याकडे राजांची जोडी असून सोबत एक्का नसेल, तर उरलेले तीन एक्केही उपयोगी पडतात. मग शक्यता 12/46, म्हणजे सुमारे 26 टक्के होते आणि कॉल योग्य ठरतो. त्याच्याकडे दोन जोड्या असतील, तर नुसता एक्का कामाचा नाही. त्यामुळे तपासणीचा खरा भर रेंजच्या अंदाजावर असतो.

विकास : जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1944 च्या ग्रंथात पोकरच्या सोप्या प्रतिकृतीवरून ब्लफमागचे (कमकुवत पत्त्यांवर मोठी पैज लावून हुलकावणी देण्यामागचे) गणित मांडले. 2019 मध्ये प्लुरिबस या संगणकप्रणालीने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. आता सॉल्व्हर नावाच्या प्रणालींवर निर्णय पडताळतात. पण त्यांत भरलेली रेंज चुकली, तर उत्तरही चुकते.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रात जुगाराला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. गोव्यात 1976 च्या कायद्यातील 1992 व 1996 च्या दुरुस्त्यांनी कॅसिनोंना वाट मिळाली. मांडवी नदीतील जहाजांवर ते चालतात. ऑनलाइन खेळात डावाची नोंद आपोआप होई. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना कौशल्य-नशीब असा भेद न करता मनाई केली. प्रत्यक्ष टेबलावर नोंद खेळाडूलाच करावी लागते, आणि ती डाव संपताच केलेली बरी. उशीर झाला की निकालाला साजेशी कारणे आठवू लागतात.

मर्यादा : थोड्या डावांतील नफा-तोट्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. पुनरावलोकनाने चुका कमी होतात. जिंकण्याची हमी मिळत नाही.