त्वचेच्या दाहातील निरोप्या पुटिका

सोरायसिसमध्ये त्वचेवर लालसर चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी खपल्या धरतात, खाज सुटते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तरीही रुग्णाला शेजारी बसू देण्यास लोक कचरतात. माणसामाणसांत न पसरणारा हा दाह त्वचेतील एका पेशीकडून दुसरीकडे मात्र पोहोचतो. सायटोकाइन नावाची प्रथिने हे निरोप नेतात, हे ज्ञातच होते. त्यांच्या जोडीला पेशीबाह्य पुटिकांचे नाव अलीकडे घेतले जाऊ लागले आहे.

पेशी स्वतःच्या पटलात गुंडाळलेले अतिसूक्ष्म बुडबुडे सतत बाहेर सोडत असतात. त्यांतील एक्झोसोम सुमारे ३० ते १५० नॅनोमीटरचे, तर पटलापासून थेट सुटणाऱ्या पुटिका सुमारे एक हजार नॅनोमीटरपर्यंतच्या असतात. प्रथिने, मेदद्रव्ये आणि आरएनए असा माल त्यांत भरलेला असतो. १९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील दोन गटांना अपक्व तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने अशा पुटिकांतून टाकून देताना आढळल्या. त्यामुळे हा पेशींचा केरकचरा, असे दीर्घकाळ मानले गेले. १९९६ मध्ये बी-पेशींच्या एक्झोसोममुळे टी-पेशी उद्दीपित होतात असे दिसले. पुढे २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मास्ट पेशींच्या एक्झोसोममधून आरएनए दुसऱ्या पेशीत जातो आणि तेथे त्यापासून प्रथिनेही बनतात, असे दाखवले. येथून या क्षेत्राचा नूरच पालटला.

सोरायसिसच्या संदर्भात ऑक्सफर्डमधील गटाचे २०१६ मधील संशोधन विशेष उद्बोधक आहे. चट्ट्यांतील मास्ट पेशींमध्ये एक विशिष्ट फॉस्फोलायपेज एन्झाइम आढळते. ते एक्झोसोममधून शेजारच्या पेशींत पोहोचते आणि तेथील मेदद्रव्यांचे विघटन करून नवे मेदरेणू तयार करते. सीडी१ए नावाचा रेणू हे मेद टी-पेशींपुढे धरतो. टी-पेशी त्यांना ओळखून इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२२ सोडतात. हीच द्रव्ये या आजारात दाह पेटता ठेवतात. शत्रू म्हणून शरीर ज्याच्यावर तुटून पडते, ती वस्तू घडवणारे हत्यारच पुटिकेने आणून दिलेले असते! त्वचेच्या बाह्यस्तरातील केरॅटिनोसाइट पेशीही गप्प नसतात. त्यांचे एक्झोसोम न्यूट्रोफिल पेशींना चेतवतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

ऍटोपिक डर्मटायटिस या इसबाच्या प्रकारात तर जिवाणूंच्या पुटिकाही सहभागी होतात. या रुग्णांच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू बहुधा आढळतो. केवळ त्याच्या पुटिका उंदरांच्या त्वचेवर लावल्या असता इसबासारखा दाह निर्माण झाला, असे कोरियातील शास्त्रज्ञांना २०११ मध्ये दिसून आले.

निरोप पेटवणारा असू शकतो, तसा शमवणाराही. मूळपेशींपासून मिळवलेल्या एक्झोसोमच्या मलमाने सोरायसिससदृश दाह झालेल्या उंदरांत इंटरल्यूकिन-१७ घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हा दाह इमिक्विमोड हे मलम चोळून काही दिवसांत उत्पन्न केलेला असतो. माणसाला वर्षानुवर्षे छळणारा आजार काही वेगळाच. शिवाय पुटिका शुद्ध स्वरूपात वेगळ्या करणे किचकट असते. त्याच आकाराचे मेदप्रथिनांचे कण त्यांत सहज मिसळतात, त्यामुळे परिणाम नेमका कशाचा, हा प्रश्न उरतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तर पुटिकेचा उगम सिद्ध केल्याशिवाय एक्झोसोम हे नाव वापरू नये, असे सुचवले आहे.

बाजाराला एवढा धीर नाही. शहरांतील सौंदर्यचिकित्सालयांत एक्झोसोमच्या नावाने फेशियल आणि केशोपचारांची जाहिरात होते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील काही रुग्णांना अशा विनापरवाना उत्पादनांमुळे गंभीर त्रास झाल्यावर, तेथील अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला आणि एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नसल्याचे स्पष्ट केले. याउलट इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारी प्रतिपिंडे सोरायसिसच्या रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांतून पार पडूनच वापरात आली आहेत. चालू असलेले औषध थांबवून एक्झोसोमच्या मागे लागण्यापूर्वी त्या पुटिका कोणत्या पेशींच्या, त्या त्वचेवर लावणार की टोचणार आणि त्यांची माणसांवर चाचणी कोठे झाली, एवढे रुग्णाने त्वचारोगतज्ज्ञाला विचारायलाच हवे.