उपग्रह-संचारविद्येचा श्रीगणेशा

नवी विद्या एखाद्या देशात दोन वाटांनी येत असते. एका वाटेने आधी यंत्र येते, त्याच्यामागून ते चालविणारा परदेशी कारागीर येतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्या यंत्राचे मर्म जाणणारा स्वदेशी मनुष्य तयार होतो. आगगाडी व तारायंत्र आपल्याकडे याच वाटेने आली. दुसऱ्या वाटेने आधी शिकलेला मनुष्य तयार होतो व यंत्र मागाहून येते. ही वाट फारसे कोणी धरीत नाहीत, कारण तिच्या आरंभी लोकांस दाखविण्याजोगे काहीच हाती नसते. उपग्रहाच्या द्वारे संदेश धाडण्याची विद्या भारतात आली ती या दुसऱ्या वाटेने. आणि तिचा इतिहास आपल्या सुशिक्षित वर्गास जितका परिचित असावा तितका तो नाही, असे आम्हांस वाटते.

या विद्येची मूळ कल्पना आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादा उपग्रह सोडला, तर त्याची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेऱ्याइतक्याच वेळात पुरी होते, आणि म्हणून खालून पाहणारास तो ध्रुवाप्रमाणे एकाच जागी स्थिर भासतो. असे तीन उपग्रह मिळून जवळजवळ साऱ्या पृथ्वीवर संदेश पोहोचवू शकतील, असे क्लार्कचे प्रतिपादन होते. त्या वेळी ते स्वप्नवत् वाटणे साहजिक होते. परंतु १९५७ साली रशियाचा 'स्पुटनिक' आकाशात गेला, आणि एप्रिल १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' नामक उपग्रह युरोप व अमेरिका यांच्या दरम्यान २४० दूरध्वनिमार्ग वाहण्यास समर्थ झाला. वीस वर्षांच्या आत कल्पनेचा व्यवहार झाला.

भारतापाशी त्या वेळी उपग्रह नव्हता आणि तो वर नेण्याजोगा अग्निबाणही नव्हता. तरीसुद्धा विक्रम साराभाई यांच्या आग्रहाने व संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६७ साली अहमदाबाद येथे प्रायोगिक भू-केंद्र उभे राहिले. त्याचा एक प्रधान हेतू शिक्षण हाच होता. भारतातीलच नव्हे, तर इतर विकसनशील देशांतील अभियंत्यांसही तेथे या विद्येचे पहिले पाठ मिळावेत, अशी योजना होती. घोडा घेण्यापूर्वीच स्वार तयार करण्याचा हा उद्योग पुष्कळांस विचित्र वाटला असल्यास नवल नाही.

या पाठांत शिकावयाचे असते तरी काय? उपग्रहावरून येणारा संदेश इतकी दूरची वाट तुडवून येतो की पृथ्वीवर पोहोचेपर्यंत तो अत्यंत क्षीण झालेला असतो. म्हणून शक्तीचा जमाखर्च मांडणे हा येथील पहिला धडा होय. प्रेषकाने किती शक्ती दिली, वाटेत किती खर्ची पडली, परावर्तक थाळीने किती गोळा केली, आणि उपकरणांच्या स्वतःच्या गोंगाटावर मात करून शेवटी शिल्लक किती उरली, हे व्यापाऱ्याच्या खतावणीसारखे बेरीज-वजाबाकीने ठरवावे लागते. दुसरा धडा थाळीचा नेम अचूक धरण्याचा, आणि तिसरा विलंबाचा. शब्द वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्या अंतराने संभाषण अडखळते. हे सर्व ग्रंथांतून वाचता येते हे खरे. पण पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसेच हेही यंत्रापाशी उभे राहूनच अंगवळणी पडते.

या शिक्षणाची पहिली मोठी कसोटी महाराष्ट्राच्या भूमीवर लागली. परदेशांशी संदेशव्यवहार करण्यासाठी पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी या गावी मोठे भू-केंद्र उभारावयाचे होते. ते काम परदेशी कंपनीकडे सोपवावे की अहमदाबादच्या अनुभवाच्या बळावर आपल्याच अभियंत्यांनी पत्करावे, असा प्रश्न होता. साराभाईंनी दुसऱ्या पक्षाचा पुरस्कार केला, व तोच मान्य झाला. डिसेंबर १९७१ मध्ये ते अकाली निवर्तले. आर्वीच्या केंद्रास पुढे 'विक्रम' हे त्यांचेच नाव मिळाले.

दुसरी कसोटी याहून व्यापक होती. अमेरिकेशी सप्टेंबर १९६९ मध्ये झालेल्या करारान्वये 'एटीएस-६' हा उपग्रह भारतास एक वर्षासाठी उसना मिळाला. १ ऑगस्ट १९७५ पासून आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दिसू लागली. उपग्रहाची छत्री सुमारे नऊ मीटर व्यासाची असल्यामुळे खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची थाळी पुरे झाली. या प्रयोगाची सूत्रे मूळचे कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होती. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी शेती, आरोग्य इत्यादी विषयांवर कार्यक्रम होत. शाळांच्या सुट्ट्यांत याच मार्गाने सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या विद्येचे पाठ मूठभर अभियंत्यांनी घेतले होते, तीच आता स्वतः शिक्षिका झाली.

परंतु ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली व उपग्रह अमेरिकेकडे परत गेला. ज्या खेडुतांनी वर्षभर त्या पडद्यासमोर बसून जग पाहिले, त्यांच्या वाट्यास या हिशेबात काय आले, असा प्रश्न कोणी केला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. अभियंत्याची विद्या त्याच्यापाशी राहिली. खेड्याची सेवा मात्र उसन्या वस्तूबरोबर गेली. विद्यादानाचा कितीही गौरव केला, तरी ही उणीव झाकू नये.

तथापि उसनी वस्तू परत गेल्यावर तिची आठवण काढीत बसावयाचे, की तशीच वस्तू स्वतः घडवावयाची, हे मागे उरलेल्या विद्येवरच अवलंबून असते. १९८१ साली 'ॲपल' हा प्रायोगिक संचार-उपग्रह भारतीय अभियंत्यांनी घडविला. १९८३ साली 'इन्सॅट-१बी' कामास लागून दूरचित्रवाणी देशभर पसरली. पण ते यंत्र अमेरिकेत बांधलेले होते. 'इन्सॅट-२ए' हा स्वदेशी बांधणीचा उपग्रह वर गेला तो जुलै १९९२ मध्ये, म्हणजे अहमदाबादच्या पहिल्या धड्यानंतर पंचवीस वर्षांनी. पुढे १९९५ साली डेहराडून येथे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असे अंतरिक्षशिक्षणाचे केंद्र निघाले. त्याचा उपग्रह-संचाराचा अभ्यासक्रम अहमदाबादेसच चालविला गेला, आणि आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी तेथे आले.

पंचवीस वर्षे हा काळ थोडा नव्हे, आणि उतावळ्या मनास तो फारच लांब वाटेल. पण यंत्र विकत घेण्यास द्रव्य पुरते. ते घडविणारा मनुष्य तयार होण्यास एक पिढी खर्ची घालावी लागते. १९६७ साली जे ही पिढी खर्ची घालण्यास सिद्ध झाले, त्यांना आपल्या हयातीत फळ दिसेलच अशी खात्री नव्हती. साराभाईंना तर ते दिसलेही नाही. कोणत्याही नव्या विद्येसाठी परदेशी यंत्राची मागणी नोंदविताना, ते शिकविणारी शाळा आपण आधी काढली आहे काय, एवढे जरी आपण स्वतःस विचारीत गेलो, तरी त्यांचे ऋण अंशतः फिटेल.